त्रेसष्ट नंबरची कॅसेट

पाचोऱ्याच्या स्टेशन रोडवर कोणालाही विचारा, लीलाधरनानांचं दुकान कुठंय, तर तो मिक्सर दुरुस्तीच्या टपरीकडे बोट दाखवील. आणि नानांनी ते ऐकलं तर नाना चिडतील. मिक्सर, पंखे, गिझर हे सगळं पोटासाठी. नाना मुळात कॅसेटवाले. ‘सरगम रेकॉर्डिंग सेंटर, येथे आवडीची गाणी भरून मिळतील’ ही पाटी अजून दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहे, आणि तिच्यावर कोणी चुकून पंख्याचं पातं टेकवलं तरी नाना त्याला चार शब्द सुनावतात. वीस वर्षं या माणसानं अख्ख्या तालुक्यातल्या लग्नांना, बारशांना आणि ट्रॅक्टरांना गाणी पुरवली. तेव्हा गाण्याबजावण्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि ती त्यांनी चारचौघांत कधी लपवून ठेवली नाही.

मागच्या दिवाळीत त्यांची मुलगी रत्ना जळगावहून येताना एक दिवाळी अंक घेऊन आली. त्यात कोण्या जाणकारानं यादी दिली होती : ऐकायलाच हव्यात अशा शंभर मराठी ध्वनिफिती. नानांनी चष्मा लावला, पेन्सिल काढली आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, “अगं, ऐकतेस का? शंभरातल्या नव्वद माझ्या हाताखालून गेलेल्या असणार. एक जरी कमी भरली तर नाव बदलीन.”

अर्ध्या तासानं बाहेरून काहीच आवाज येईना म्हणून बेबाबाई पदराला हात पुसत ओट्यावर आल्या. नाना अंकाकडे बघत बसले होते. एकतीस. दोनदा मोजल्या, खालून वर मोजल्या, तरी एकतीसच.

“मग?” बेबाबाई म्हणाल्या, “नवीन नाव काय ठेवायचं तुमचं?”

नानांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. वीस वर्षं कॅसेटच्या ढिगात बसलेल्या माणसानं एकोणसत्तर चांगल्या गोष्टी ऐकल्याच नाहीत, हे त्यांच्या डोक्यात बसेना. पण नाना हट्टी. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर गणपती काढला आणि एक नंबरपासून सुरुवात केली. ऐकलेल्या एकतीससुद्धा पुन्हा ऐकायच्या. सकाळचा चहा झाला की ओट्यावर टेप मांडायचा, एक कॅसेट दोन्ही बाजूंनी पुरती ऐकायची, आणि मग वहीत शेरा. काही कॅसेटी जळगावच्या वाचनालयात मिळाल्या, काही धुळ्याच्या जहांगीरभाईंच्या माळ्यावर, आणि ज्या कुठंच मिळाल्या नाहीत त्या रत्नानं मोबाईलवर शोधून दिल्या. मोबाईलवर ऐकलेल्याच्या शेऱ्यापुढं नाना कंसात ‘नाइलाजाने’ असं लिहीत.

शेरे वाचण्यासारखे होते. ‘क्र. १२ : गाणारा मोठा. तबलजीला गाडी पकडायची असावी.’ ‘क्र. ४० : दोनदा ऐकली. पहिल्यांदा झोप लागली, दुसऱ्यांदा उडाली.’ ‘क्र. ५८ : ही मी विकत होतो तेव्हा का नाही ऐकली? गाढव.’ हा शेवटचा शब्द त्यांनी स्वतःला उद्देशून लिहिला होता आणि खाली तारीख घालून सही केली होती.

एकच अडचण होती. नाना ओट्यावर डोळे मिटून बसले की आत बेबाबाई भाकरी थापता थापता गुणगुणायच्या. तेहतीस वर्षं एकच गाणं, एकच चाल. नाना तिथूनच ओरडायचे, “अगं, ते रडगाणं बंद कर! इथं मोठी माणसं गाताहेत!” मग बेबाबाई गप्प बसायच्या, आणि दुसरी भाकरी तव्यावर पडली की पुन्हा सुरू व्हायच्या.

यंदाच्या दिवाळीपर्यंत नव्याण्णव झाल्या. राहिली फक्त त्रेसष्ट नंबरची. ती ना वाचनालयात, ना मोबाईलवर. यादीत तिच्यापुढं एवढंच छापलं होतं : ‘कापसातली गाणी. गायिका ताईबाई, जि. धुळे. १९८८. अहिराणी गाण्यांची ही ध्वनिफीत एका स्नेह्याच्या घरी एकदाच ऐकली. असा आवाज पुन्हा कानांवर आला नाही. तिची एकही प्रत आता मिळत नाही. कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.’

धुळे म्हटल्यावर नानांनी जहांगीरभाईंना फोन लावला. जहांगीरभाईंचं धुळ्यात कॅसेटचं घाऊक दुकान होतं, आणि दोघांची मैत्री चाळीस वर्षांची.

“जहांगीरभाई, ताईबाई नावाच्या बाईची कॅसेट. कापसातली गाणी. आठवते?”

पलीकडून हसू आलं. “अरे नाना, न आठवायला काय झालं? मीच तर भरून घेतली होती. शिंदखेड्याकडची बाई, कापूस वेचायला जायची. आवाज काय होता यार! दोनशे काढल्या. पाच-सहा खपल्या असतील.”

“मग बाकीच्या कुठं आहेत?”

“मला विचारतोस?” जहांगीरभाईंचं हसू थांबलं. “तूच तर नेल्या होत्या सगळ्या. पिवळं लेबल, त्यावर कापसाचं बोंड. दोन खोकी. एक्क्याण्णव साल असेल.”

“मी?”

“कोऱ्या कॅसेटी मिळत नव्हत्या बघ तेव्हा. तू म्हणालास, पट्टी चांगली आहे, पुसून वापरीन.”

नानांनी ओट्याचा खांब धरला. “आणि मूळ पट्टी? जिच्यावरून काढल्या ती?”

“ती पण त्याच खोक्यात टाकली होती रे. मला काय करायची होती!”

फोन कसा ठेवला ते नानांना आठवत नाही. पण बाकीचं सगळं आठवलं. कंपनीच्या भरलेल्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक भोकं असतात. भोकं उघडी असली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. पण भोकांवर चिकटपट्टी लावली की कॅसेट कोरी झाली म्हणून समजा. सगळा धंदाच तसा चालायचा. न खपलेला माल स्वस्तात उचलायचा, लेबल भिजवून काढायचं, पट्टी चिकटवायची आणि वर सिनेमातली गाणी भरायची. दुकानाच्या मागच्या मोरीत बादली असायची. त्या बादलीत तरंगणारी पिवळी लेबलं नानांना आत्ता दिसली. दोन दिवस त्यांनी स्वतः नखानं खरवडून ती काढली होती. आणि दोनशेतली एकसुद्धा, एकसुद्धा कॅसेट त्यांनी टेपमध्ये घालून ऐकली नव्हती. यादीतली जी एक वस्तू जगात कुठं मिळत नव्हती, ती मिळत नव्हती कारण ती लीलाधरनं पुसली होती.

“काय झालं? कोण गेलं?” बेबाबाईंनी बाहेर येऊन विचारलं. नानांचा चेहरा तसाच झाला होता.

नानांनी सगळं सांगितलं. बेबाबाईंनी तोंडाला पदर लावला. “दोनशे? अहो, दोनशे?”

“मूळ पट्टीसकट.”

“देवा!” त्या खाली बसल्या. “निदान एक तरी ठेवायची होती.”

दुपारभर नाना दुकानात गेले नाहीत. चार वाजता चहा समोर आला, आणि कपाला तोंड लावता लावता ते ताडकन उभे राहिले. गिऱ्हाईक यायचं ते बारा गाण्यांची चिठ्ठी घेऊन. सहा एका बाजूला, सहा दुसऱ्या. सहा गाणी सव्वीस-सत्तावीस मिनिटांत संपायची, आणि पट्टी असायची तीस मिनिटांची. उरलेली तीन मिनिटं नाना कधी पुसत बसले नाहीत. एवढा वेळ होता कोणाला? एकदोघांनी तक्रारही केली होती, नाना, तुमच्या कॅसेटमध्ये शेवटी कोणी बाई ऐकू येते. नानांनी काय उत्तर दिलं होतं? ‘फुकट मिळतंय ना? ऐका की मग.’

“अगं, मी त्या काळात भरलेली एखादी कॅसेट कोणाकडे असेल? कोणाकडेही!”

“कोणाकडे कशाला? माझी आहे की,” बेबाबाई म्हणाल्या.

रत्नाच्या वेळी त्या बाळंतपणाला पिंपळनेरला माहेरी निघाल्या, तेव्हा नानांनी त्यांना बारा गाणी भरून दिली होती. नाना ते विसरूनही गेले होते. बेबाबाईंनी लोखंडी पेटी उघडली, लग्नातल्या शालूच्या घडीतून कॅसेट काढली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. वरच्या कडेला दोन भोकं, त्यांवर पिवळी पडलेली चिकटपट्टी.

पहिल्या बाजूचं सहावं गाणं लांबलचक होतं, ते पट्टी संपेपर्यंत पुरलं. नानांनी कॅसेट उलटी केली आणि पुढं नेली. सहावं गाणं संपलं. नानांचं जुनं बटण दाबल्याचा ‘खट’ आवाज आला. आणि मग मधूनच, ओळीच्या अर्ध्यातून, एक बाई गायला लागली. पेटी नाही, तबला नाही. नुसता आवाज, आणि मागं लांब कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा.

*वाट देखता देखता, आते दिवस बुडी गया,
धवळा कापूस येचता, मना पदर भरी गया…*

नानांच्या अंगावर काटा आला. आवाजामुळं आला तो आलाच, पण दुसऱ्या ओळीला दारातून दुसरा आवाज त्यात मिसळला. बेबाबाई चौकटीला टेकून, डोळे मिटून, श्वासाला श्वास लावून गात होत्या. तेच शब्द. तीच चाल. तेच रडगाणं. तेहतीस वर्षं नाना रोज सकाळी ज्याच्यावर खेकसत होते ते हे, त्रेसष्ट नंबर.

गाणं संपलं, पट्टी संपली.

“पिंपळनेरला मी रोज ऐकायचे,” बेबाबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, तुम्हाला काही बोलता येत नाही, म्हणून शेवटी ह्या बाईला म्हणायला लावलंय. वाट बघतोय म्हणून.” त्यांच्याही डोक्यात उजेड पडला असावा. “म्हणजे ते तुम्ही घातलेलं नव्हतं.”

“नाही.”

“राहून गेलं होतं.”

“हो. राहून गेलं होतं.”

बेबाबाई उठल्या. त्यांनी कपबशा उचलल्या आणि मोरीत नेऊन घासत बसल्या, पुष्कळ वेळ. नानांना वाटलं, ह्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईबाई हयात आहेत, एवढं जहांगीरभाईंकडून कळलं. चौथ्या दिवशी दोघं निघाले. पाचोरा, पारोळा, धुळे, तिथून शिंदखेड्याची एसटी, आणि पुढं रिक्षा. पिशवीत टेप, कॅसेट आणि वही. जे केलं ते बाईच्या तोंडावर सांगायचं, असं नानांनी ठरवलं होतं. “मी बाजूला बसेन,” बेबाबाई म्हणाल्या, “पण बोलायचं तुम्ही.”

गावात सगळीकडे कापूस वेचणीची धांदल. ताईबाई ऐंशीच्या, अंगानं काटकुळ्या, दारात खाटेवर बसल्या होत्या. गळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं बोलणं म्हणजे नुसती घरघर. सून रूपा पाणी घेऊन आली.

“ताईबाई, आम्ही पाचोऱ्याहून आलो,” नाना म्हणाले. “तुमच्या कॅसेटसाठी.”

म्हातारीचे डोळे असे मोठे झाले! “मनी कॅसेट? रूपा, आयक वं! पाचोराना मानसं मनी कॅसेट इचारी ऱ्हायनात!” मग नानांकडे वळून, “पन आते कोठून मियी, भाऊ? बठ्ठ्या इकाई ग्यात ना. धुळाना शेठनी सांगेल व्हतं माले. म्हने, बाई, एक मानूस उना, नि बठ्ठ्याच्या बठ्ठ्या लई गया!”

रूपा हसली. “एका माणसानं सगळ्याच्या सगळ्या नेल्या, हे आमच्या सासूबाई सगळ्यांना सांगतात बरं का. दिराचं लग्न जमवताना पाहुण्यांना आधी हेच सांगितलं, मग हुंड्याचं बोलणं नको म्हणून सांगितलं.”

“काबरं नही सांगाव?” ताईबाई म्हणाल्या. “माले एकज वाटे. तो मानूस एकदाव देखाले भेटो.”

त्यांनी बेबाबाईंकडे बघितलं. बेबाबाई जमिनीकडे बघत होत्या.

“तो माणूस मीच,” नाना म्हणाले.

ह्याच्यापुढं त्यांना लगेच बोलायचं होतं, पण बोलू देतंय कोण! म्हातारी खाटेवरून उठली, “रूपा, टावेल-टोपी लय!” म्हणाली, आणि ते आलंसुद्धा. खानदेशात घरी आलेल्या मानाच्या पाहुण्याला टॉवेल-टोपी-नारळ देतात तसं. ताईबाईंनी नानांच्या डोक्यावर पांढरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, ओंजळीत नारळ ठेवला, आणि वाकून पाया पडायला लागल्या. नाना एकदम मागं सरले. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

“ताईबाई, थांबा! मी त्या ऐकायला नव्हत्या घेतल्या. मी त्या पुसल्या. त्यांच्यावर सिनेमातली गाणी भरली. सगळ्यांवर. कोऱ्या कॅसेटी मिळत नव्हत्या म्हणून.”

म्हातारी वाकली होती तशीच राहिली. मग हळूच सरळ झाली. रूपाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“पुसाना पह्यले आयकी तरी व्हती का?” ताईबाईंनी विचारलं.

“नाही.”

“एकबी?”

“एकबी नाही.”

ताईबाईंनी हात पुढं केला. नानांच्या डोक्यावरची टोपी काढली, खांद्यावरचा टॉवेल काढला, नारळ घेतला, आणि तिन्ही वस्तू खाटेवर मांडून ठेवल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. तेहतीस वर्षं सांगितलेली गोष्ट आता कोणाला सांगायची, अशा त्या रस्त्याकडे बघत बसल्या. नानांना टेप काढायचाही धीर होईना.

तेव्हा बेबाबाई गायला लागल्या. कोणी सांगितलं नाही, विचारलं नाही. भाकरी थापताना गातात तशाच, जमिनीकडे बघत. *वाट देखता देखता, आते दिवस बुडी गया…*

म्हातारीनं चमकून मान वळवली. गाणं संपेपर्यंत ती पापणी न हलवता बेबाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

“तुले कोनी शिकाडं हाई?”

“तुम्हीच,” बेबाबाई म्हणाल्या. “पिंपळनेरला. तेहतीस वर्षं झाली.” आणि आपल्या कॅसेटची सगळी हकिकत सांगितली.

“नि पह्यलं कडवं?”

“ते माझ्याकडं नाही, अक्का. ते पुसलं गेलं.”

ताईबाईंनी बेबाबाईंचा दंड धरला आणि त्यांना घरात घेऊन चालल्या. नानाही मागोमाग उठले. म्हातारीनं उंबऱ्यावरून मागं बघितलं. “तू भाईर बठ,” म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

नाना खाटेवर, टोपीच्या शेजारी बसले. आतून घरघर ऐकू यायची, मग बेबाबाईंचा हलका आवाज, पुन्हा घरघर. त्यांनी कान टवकारले. तेवढ्यात कापसाचा ट्रॅक्टर गल्लीत येऊन थांबला, कर्ण्यावर सिनेमाचं गाणं दणदणत होतं. नाना धावत गेले, हात जोडून म्हणाले, “बाबा, बंद कर ते, पाया पडतो!” ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना खुळ्यात काढलं आणि आवाज आणखी वाढवला. तो गेला तेव्हा दार उघडलं होतं. बेबाबाई कपाळभर कुंकू लावून बाहेर आल्या. मघाचा नारळ आता त्यांच्या ओटीत होता.

परतीच्या एसटीत धुळं मागं पडलं. मग नाना म्हणाले, “पहिलं कडवं म्हणून दाखव ना.”

“नाही. ताईबाईंनी शपथ घातलीय. रत्नाला शिकवायचं, वाटेल त्याला शिकवायचं. तुमच्यासमोर नाही म्हणायचं.”

“मग मी काय ऐकायचं?”

“दुसऱ्यापासून ऐका,” बेबाबाई म्हणाल्या. “तुम्ही तेवढंच ठेवलं होतं.”

नानांनी वही काढली. हलत्या गाडीत वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘क्र. ६३ : ऐकली नाही.’ खाली तारीख घातली, सही केली.

आता सकाळी ओट्यावर टेप लागत नाही. चहा झाला की नाना स्वयंपाकघरात जातात आणि पाट ओढून बसतात. बेबाबाई पीठ मळायला घेतात. आधी त्यांचे नुसते ओठ हलतात, आवाज नाही. तेवढा वेळ नाना त्यांच्या ओठांकडे बघत बसतात आणि काही कळतंय का ते पाहतात. काही कळत नाही. मग पहिली भाकरी तव्यावर पडते, आणि बेबाबाई मोठ्यानं दुसरं कडवं सुरू करतात.